‘खतविरहित’ पीटमध्ये निघालेले खत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘शुद्ध स्फॅग्नम पीट, खतविरहित’ असे छापलेल्या ५ लिटरच्या पिशवीत निघालेली भेसळ

महोदय,

मी पुण्यात राहतो आणि गेली नऊ वर्षे घरी किलीफिश या छोट्या माशांची पैदास करतो. सध्या माझ्याकडे झांझिबारचा नोथोब्रँकियस ग्युंथेरी आहे. तिथली डबकी आटली की हे मासे मरतात. चिखलातली अंडी तेवढी पुढच्या पावसापर्यंत तग धरतात. आमच्या टाकीत त्या चिखलाचे काम पीट, म्हणजे दलदलीत साचून अर्धवट कुजलेले स्फॅग्नम शेवाळ, करते. म्हणून ते पीट कसले आहे यावर सगळे अवलंबून असते.

तुमचे पीट मी नेहमीसारखेच तयार केले. वीस मिनिटे उकळले, पाणी बदलून पुन्हा उकळले, गार झाल्यावर फडक्यातून पिळून टाकीतल्या डब्यात भरले. आठवडाभराने अंड्यांसकट काढले, तंबाखूइतके ओलसर राहील असे पिळले आणि तारीख लिहून पिशवीत बांधून ठेवले. बारा आठवड्यांनी पिशवी उघडली. भिंगाखाली अंड्यात पिल्लाचे डोळे दिसायला हवे होते. दिसली ती पांढरी पडलेली, बुरशी धरलेली अंडी. सगळीच्या सगळी.

मग उरलेले कोरडे पीट कागदावर पसरले. त्यात पिवळसर गोल दाणे होते. दाबल्यावर आत खत. असे दाणे उकळले की खत उलट लवकर सुटते. शिवाय काथ्याचे धागे होते. माझे बालपण कोकणात गेले, काथ्या मला कोणी दाखवावा लागत नाही. मूठभर पीट आरओच्या पाण्यात रात्रभर भिजवले, तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, १२ वरून ५४० वर गेला. चांगल्या पीटने पाणी आम्लधर्मी होते, क्षार असे वाढत नाहीत.

कुंडीसाठी हा माल कदाचित चालेल. मग पिशवीवर तसे छापा. लेबलवर विश्वास ठेवून मी आधी तपासले नाही, याचे मला फार वाईट वाटते. अंडी देणारी जोडी आता म्हातारी झाली आहे. या माशाचे आयुष्यच जेमतेम वर्षभराचे. ती वीण पुन्हा मिळणार नाही.

पिशवीचे पैसे परत करावेत, या बॅचची विक्री थांबवावी आणि ती घेतलेल्या इतर ग्राहकांना लगेच कळवावे. कुणाच्या तरी घरी आज अशीच पिशवी बांधून ठेवलेली असेल. उरलेले पीट, लेबल, बिल व फोटो माझ्याकडे आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
एक ग्राहक, पुणे