रिचर्ड राइट ‘इतर’ कधीपासून?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडवरचा लेख वाचला. अख्खं पान बँडमधल्या वॉटर्स आणि गिल्मर यांच्या भांडणाला, आणि रिचर्ड राइट यांच्या वाट्याला अर्धी ओळ: ‘की-बोर्डवर राइट आणि इतर’. मग ‘द ग्रेट गिग इन द स्काय’चं संगीत कुणाचं? ‘अस अँड देम’ची चाल पियानोवर कुणी बांधली? १९७३च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या ज्या अल्बमची लेखात एवढी स्तुती आहे, त्यातून ही दोन गाणी वगळून तो ऐकून बघावा.

मी ३० वर्षं पेटीची साथ करतो. त्यांचं ‘इकोज’ हे गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या सुरुवातीचा तो एकच स्वर रात्री पेटीवर शोधत बसलो होतो. पट्टी सापडली, पण ती थरथर काही येईना. पियानोचा आवाज माइकवरून लेस्ली स्पीकरमध्ये सोडला होता आणि त्या स्पीकरच्या आतला भोंगा गरगर फिरतो, हे फार उशिरा कळलं. २३ मिनिटांचं गाणं त्या स्वरापासून उलगडतं.

‘द वॉल’ या अल्बमच्या वेळी, १९७९ साली, याच माणसाला बँडबाहेर काढलं आणि पुढच्या दौऱ्यात पगारी वादक म्हणून वाजवायला लावलं. लेखात याचा उल्लेखही नाही.

मागच्या वर्षी एका मंडळाच्या दिवाळी पहाटेसाठी आम्ही साथीदार चार वाजल्यापासून सूर जुळवत होतो. फ्लेक्सवर गायिका, निवेदक, चार प्रायोजक, आणि तळाशी ‘व सहकलाकार’. मुलीने विचारलं, “बाबा, तुमचं नाव कुठंय?” मला उत्तर देता आलं नाही. म्हणून ‘आणि इतर’ वाचलं की जीव तळमळतो.

राइट २००८ साली गेले. त्यानंतर गिल्मर आणि ड्रमवादक मेसन यांनी २०१४ साली ‘द एंडलेस रिव्हर’ हा अल्बम काढला, तो प्रामुख्याने राइट यांच्यासोबत १९९३ मध्ये वाजवून ठेवलेल्या आणि तशाच पडून राहिलेल्या ध्वनिमुद्रणांतून. त्यांच्या सोबत्यांना त्यांची किंमत ठाऊक होती.

आणखी एक. लेखातल्या, २००५च्या ‘लाइव्ह ८’ मैफलीच्या फोटोखालची नावं चुकली आहेत. उजव्या टोकाला उभे आहेत ते राइट, त्यांच्या शेजारी मेसन. तुम्ही उलटं छापलंत. दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर आणि राइट यांच्या पूर्ण नावासह छापावी, ही विनंती.

– एक पेटीवादक, मिरज