पेन्सिलीने काढलेल्या एका प्रश्नचिन्हाबद्दल

आदरणीय ऑडिओलॉजिस्ट मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या मुलीच्या उजव्या कानातला ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवलेली बारीक नळी, आपणहून निसटला आणि सकाळी उशीवर सापडला. टाचणीच्या डोक्याएवढी ती नळी तळहातावर घेऊन बसलो असताना तुमचे आभार मानायचे राहूनच गेले आहे, हे प्रकर्षाने लक्षात आले. शल्यचिकित्सकांचे आभार आम्ही शस्त्रक्रियेच्या दिवशीच मानले होते. तुमच्या श्रवणतपासणीच्या खोलीतून मात्र आम्ही दर वेळी पुढच्या तारखेची चिठ्ठी घेऊन घाईने बाहेर पडत आलो. हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहितो आहे, कारण तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर आज जे आईवडील बसले असतील, त्यांच्यापैकी कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा मुलगी साडेचार वर्षांची होती आणि तिला ऐकू येते, फक्त ती लक्ष देत नाही, असे माझे ठाम मत होते. चार हाका मारूनही ती ओ देत नसे, टीव्हीचा आवाज वाढवून ठेवी, रात्री तोंड उघडे टाकून घोरत असे. आणि तरीही एखाद्या दिवशी मागून हळू आवाजात बोललेले तिला नेमके कळे, त्यामुळे बाकीच्या दिवशी ती मुद्दाम करते असे मला वाटे. सर्दीबरोबर ऐकणे कमीजास्त होऊ शकते, हे मला ठाऊक नव्हते. शिवाय जन्मानंतर झालेल्या श्रवणचाचणीत ती उत्तीर्ण झाली होती, आणि त्या कागदाच्या आधारावर एका डॉक्टरांनीही कानांची काळजी करू नका असे सांगितले होते. मी तिला या काळात पुष्कळदा रागावलो आहे. तिच्या बालवर्गातल्या बाईंनी दोनदा चिठ्ठी पाठवली नसती, तर आम्ही तुमच्यापर्यंत पोहोचलो असतो की नाही, याची मला शंका आहे.

त्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोलण्याआधी तिच्याशी बोललात. आवाज ऐकू आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा, इतका सोपा खेळ तुम्ही तिला शिकवलात आणि 'शंका आली तरी टाक' असेही सांगितलेत. दुहेरी दारांच्या त्या खोलीत मी कोपऱ्यात बसलो होतो. हेडफोन तिच्या कानांवर असल्यामुळे मला काहीच ऐकू येत नव्हते; दिसत होता तो फक्त तिचा ठोकळा धरलेला हात, जो बराच वेळ हवेत तसाच राहत होता. आलेखावर तुम्ही उजव्या कानाचे गोल आणि डाव्या कानाच्या फुल्या मांडत गेलात आणि दोन्ही रेषा साधारण ३५ डेसिबलच्या आसपास रेंगाळत राहिल्या, म्हणजे त्याहून हळू आवाज तिला ऐकू येत नव्हता. कानाच्या पडद्याची हालचाल मोजणाऱ्या टिंपॅनोमेट्रीच्या कागदावर जिथे डोंगरासारखा उंचवटा यायला हवा होता, तिथे दोन्ही बाजूंना जवळजवळ सपाट रेघ उमटली. पडद्यामागे हवेऐवजी चिकट पाणी भरले असेल तर पडदा हलत नाही आणि रेघ अशीच येते, हे तुम्ही कागदावर बोट ठेवून समजावलेत.

त्यानंतर जे केलेत ते मी विसरणार नाही. तुम्ही मला दोन्ही कानांत बोटे घट्ट घालायला लावलीत, स्वतःच्या तोंडासमोर कागद धरलात आणि नेहमीच्या आवाजात दहा शब्द उच्चारलेत. मी त्यातले चार चुकीचे सांगितले. 'सात'चे 'हात' झाले, 'काठ'चे 'पाट' झाले. मग तुम्ही कागद बाजूला केलात आणि तेच शब्द पुन्हा म्हटलेत, तेव्हा ओठ दिसू लागल्यामुळे माझी एकच चूक झाली. समोर उभे राहिलो की मुलीला सगळे समजते आणि पाठ फिरवली की काहीच नाही, या ज्या गोष्टीवरून मी तिला लबाड ठरवले होते, तिचा उलगडा दोन मिनिटांत झाला. तुम्ही मला एक शब्दही लावून बोलला नाहीत. बोटे काढायला सांगितलीत, इतकेच.

आम्हाला त्याच दिवशी काहीतरी करून हवे होते. औषध द्या, ऑपरेशन करा, पण आज काहीतरी करा, अशा घाईत मी होतो. तुम्ही आणि नंतर कान-नाक-घसा तज्ज्ञांनीही तीन महिने थांबायला सांगितलेत आणि त्या थांबण्यामागची कारणे पुरेसा वेळ देऊन सांगितलीत. नाकाच्या मागच्या भागातून मध्यकर्णात हवा नेणारी नलिका लहान मुलांत मोठ्यांपेक्षा आखूड आणि अधिक आडवी असते, तिच्या तोंडाशी अॅडिनॉइडची गाठ वाढलेली असू शकते, आणि त्यामुळे मध्यकर्णाला हवा मिळेनाशी होऊन तिथे पाणी साचते. पुष्कळ मुलांत ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरते. अँटिबायोटिक किंवा सर्दीच्या गोळ्यांनी ते लवकर सुकत नाही. कानात तेल किंवा थेंब घालून उपयोग नाही, कारण पाणी पडद्याच्या अलीकडे नसून पलीकडे आहे, हे तुमचे वाक्य मी घरातल्या प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला ऐकवले आहे.

थांबायचे म्हणजे नुसते बसून राहायचे नाही, हेही तुम्हीच शिकवलेत. दुसऱ्या खोलीतून ओरडायचे नाही, जवळ जाऊन आधी नाव घ्यायचे आणि तिने पाहिल्यावर बोलायचे, बोलताना टीव्ही बंद ठेवायचा, घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर ती बंद करायची, वर्गात तिला भिंतीच्या बाजूला नव्हे, तर पुढे बाईंच्या तोंडासमोर बसवायचे. शाळेसाठीची चिठ्ठी तुम्ही स्वतः लिहून दिलीत. त्या तीन महिन्यांत पाणी गेले नाही, परंतु घरातले ओरडणे मात्र बरेचसे गेले.

तीन महिन्यांनी रेघ सपाटच आली आणि मग शस्त्रक्रिया ठरली. अॅडिनॉइडची गाठ काढली, दोन्ही पडद्यांना सूक्ष्म छेद देऊन पाणी ओढून घेतले आणि ग्रोमेट बसवले. ती नळी पाणी बाहेर वाहून जावे म्हणून असते, असा माझा समज होता. तिचे मुख्य काम बाहेरची हवा आत जाऊ देण्याचे असते आणि साधारण सहा महिने ते वर्षभरात पडदाच तिला बाहेर ढकलतो, हे तुम्ही आधीच सांगून ठेवले होते. मुलगी त्याच संध्याकाळी घरी आली. याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, आणि शस्त्रक्रियेबद्दल लिहिण्यासारखे फारसे नसावे, यासारखे भाग्य नाही.

माझ्या आभारांचा खरा विषय मात्र त्यानंतरचा आहे. सहा आठवड्यांनी झालेल्या तपासणीत खालच्या पट्टीतले, म्हणजे जाड आवाजाचे, सगळे आकडे १५ डेसिबलपर्यंत सुधारले होते. मुलगी हाकेला वळत होती आणि टीव्हीचा आवाज कमी झाला होता, तेव्हा आमच्या दृष्टीने प्रकरण संपले होते. तुम्ही मात्र कपाटातून पहिल्या दिवशीचा आलेख काढलात. त्यावर ४००० हर्ट्झच्या, म्हणजे वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजाच्या, रेषेजवळ पेन्सिलीने एक लहान प्रश्नचिन्ह काढलेले होते. पहिल्या दिवशी कानामागच्या हाडावर कंपनाचे बटण ठेवून घेतलेली चाचणी तुम्ही अर्धवट सोडली होती, कारण मुलगी थकली होती. मधल्या कानातल्या पाण्याचा अडथळा हाडावाटे दिलेल्या आवाजाला सहसा फारसा होत नाही, म्हणून तो आकडा चांगला यायला हवा होता आणि तसा तो आला नव्हता. पण पाण्यामुळे थोडा फरक पडूही शकतो आणि थकलेले मूल चुकूही शकते, म्हणून तुम्ही तेव्हा आम्हाला न घाबरवता फक्त खूण करून ठेवली होती. आता पाणी गेले होते, मुलगी ताजीतवानी होती आणि तरीही ४००० हर्ट्झला दोन्ही कानांची रेषा ४५ डेसिबलपर्यंत खाली उतरलेली होती. आवाजाला श्रवणनस आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणाऱ्या, झोपेत केलेल्या बेरा चाचणीनेही तेच सांगितले. पाण्याच्या आड अंतर्कर्णातला, कायमचा दोष लपला होता.

पाणी सापडले, पाणी काढले, आकडे सुधारले. कुणीही इथे फाइल बंद केली असती आणि त्याला दोषही देता आला नसता. 'स', 'श', 'च' यांसारख्या व्यंजनांची धार याच वरच्या पट्टीत असते आणि शब्द ओळखण्याचा बराच भार तीच उचलते, त्यामुळे मुलगी हाकेला वळली असती, गप्पा मारल्या असत्या, आणि शाळेत शुद्धलेखनात का चुकते म्हणून मी पुन्हा तिच्यावर रागावलो असतो.

त्या दिवशी माझ्या पत्नीने विचारले, आमचे काय चुकले? तुम्ही खुर्ची जवळ ओढून घेतलीत. जन्मजात श्रवणदोषांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक अनुवंशिक असतात आणि अशा बहुतेक मुलांच्या आईवडिलांना व्यवस्थित ऐकू येत असते. काहींमध्ये गर्भावस्थेतला संसर्ग, अपुऱ्या दिवसांचा जन्म, तीव्र कावीळ, मेंदूज्वर किंवा कानाला बाधणारी काही औषधे कारणीभूत असतात. आणि पुष्कळ मुलांमध्ये कारण सापडतच नाही, आमची मुलगी त्यांतली. जन्मानंतरच्या चाचणीवर आम्ही चिडलो होतो, तर तुम्ही तिचीही बाजू घेतलीत. निरोगी अंतर्कर्ण बाहेरून आलेल्या आवाजाला स्वतःचा बारीक प्रतिध्वनी परत पाठवतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली दाखवून दिले आणि त्यावरच ही चाचणी उभी आहे. तिच्यामुळे असंख्य बाळांचे दोष पहिल्या महिन्यात लक्षात येतात, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू करता येतात. पण ती चाळणी आहे, सौम्य दोष तिच्यातून निसटू शकतो आणि काही दोष जन्मानंतर सावकाश उद्भवतात. उत्तीर्णतेचा तो कागद आयुष्यभराची हमी नसतो, हे आम्हाला जवळजवळ पाच वर्षांनी कळले.

या दोषासाठी तुम्ही दिलेल्या श्रवणयंत्रांच्या पहिल्या महिन्याबद्दल मला एक कबुली द्यायची आहे. निळ्या रंगाचे मोल्ड, म्हणजे कानात बसणारे साचे, तिने स्वतः निवडले होते, तरी तिला ती यंत्रे मुळीच आवडली नाहीत. कागदाची खुसखुस, नळाची धार, खुर्ची सरकण्याचा आवाज, सगळेच तिला टोचत असे, आणि एकदा दोन्ही यंत्रे तिच्या बुटात सापडली. तुम्ही विचारलेत तेव्हा 'रोज घालते' असे मी बेधडक सांगितले. यंत्र किती तास चालू होते याची नोंद ते स्वतःच ठेवते, याची मला कल्पना नव्हती. पडद्यावर सरासरी दिवसाला दोन तास असा आकडा आला आणि तुम्ही तो माझ्याकडे न वळवता आवाज एक पायरी कमी केलात, मुलीला विचारलेत की सगळ्यांत वाईट आवाज कोणता, आणि मला सांगितलेत की आधी घरातल्या शांत तासात, गोष्ट वाचताना घालायची सवय लावा. पुढच्या वेळी पाच तास होते, त्याच्या पुढच्या वेळी नऊ. आता सकाळी मुलगी यंत्रे स्वतः मागून घेते आणि काढून ठेवली की आम्ही 'पुसट' बोलतो अशी तक्रार करते.

तुमच्या कामाबद्दल बाहेर फारसे कुणाला माहीत नाही. मला स्वतःला ऑडिओलॉजिस्ट आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ यांतला फरक दोन वर्षांपूर्वी सांगता आला नसता. एका बंद खोलीत दिवसभर लहान मुलांचे उचललेले हात पाहत बसायचे, ऐकू आले म्हणून हात हलला की कंटाळा आला म्हणून हे ओळखायचे, आणि ओळखता आले नाही तर तसे कागदावर लिहून ठेवायचे, या कामाबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे.

पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. तोवर दुसऱ्या कानातला ग्रोमेटही निघाला तर तो डबीत घालून आणू, कारण पहिला तुम्हाला दाखवायचाच असे मुलीने ठरवले आहे. डाव्या कानाचा मोल्ड आता सैल झाला असून ती हसली की यंत्र शिटी मारते, तेव्हा नवीन माप घ्यावे लागेल असे दिसते. या वेळी हिरवा हवा आहे.

आपला नम्र,
एक पालक