दीपा कर्माकरची पंचवीस वर्षे आणि उशिरा पोहोचणारी मदत : केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय युवा कार्य व क्रीडा मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सन्माननीय महोदय,
स. न. वि. वि.

जिम्नॅस्ट दीपा कर्माकरने ७ ऑक्टोबर २०२४ रोजी निवृत्ती जाहीर केली, तेव्हा तिच्यावर कौतुकाचा वर्षाव झाला आणि तो तिच्या हक्काचाच होता. मात्र तिच्या जवळपास पंचवीस वर्षांच्या वाटचालीतून आपल्या खात्याने काय घ्यावे, याविषयी त्यानंतर फारसे काही कानावर आले नाही. मी ठाण्यात लहान मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवते आणि केवळ एका मुद्द्यासाठी आपल्याला लिहीत आहे. दीपाला सरकारी मदत मिळाली नाही असे कोणी म्हणणार नाही. पण ती बहुतेक वेळा तिने काहीतरी करून दाखवल्यानंतर मिळाली, आणि या खेळात त्या क्रमाची किंमत खेळाडूचे शरीर मोजते.

आगरतळ्याची ही मुलगी वयाच्या सहाव्या वर्षी या खेळात आली. वडील दुलाल कर्माकर हे भारोत्तोलनाचे प्रशिक्षक. दीपाचे तळपाय सपाट होते. तळपायाला कमान नसेल तर उडी घेताना उसळी कमी मिळते आणि उतरताना बसणारा धक्का थेट घोट्यात व गुडघ्यात जातो. प्रशिक्षक सोमा नंदी आणि पुढे बिश्वेश्वर नंदी यांनी वर्षानुवर्षे मेहनत घेऊन तिला त्यातून बाहेर काढले, तेही अशा व्यायामशाळेत, जिथे धड साधनेही नव्हती. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत तिने व्हॉल्टमध्ये, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून घ्यायच्या उडीत, कांस्यपदक मिळवले. जिम्नॅस्टिक्समध्ये राष्ट्रकुल पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. एप्रिल २०१६ मध्ये ती ऑलिंपिकला पात्र ठरली, तेव्हा १९६४ नंतर प्रथमच एक भारतीय जिम्नॅस्ट ऑलिंपिकच्या मैदानात उतरणार होता, आणि महिलांमध्ये तर ती पहिलीच.

१४ ऑगस्ट २०१६ ची रिओतील अंतिम फेरी मी माझ्या विद्यार्थिनींना आजही दाखवते. दीपाची दुसरी उडी प्रोदुनोव्हा होती : वेगाने धावत येऊन स्प्रिंगबोर्डवर दोन्ही पाय, टेबलावर हातांचा रेटा आणि मग हवेत पुढच्या बाजूने दोन पूर्ण कोलांट्या. पुढच्या बाजूने फिरताना जमीन नजरेत येईपर्यंत पाय टेकलेले असतात. अंदाज चुकला तर भार मानेवर येऊ शकतो. जगात मोजक्याच महिलांनी ही उडी स्पर्धेत पूर्ण केली आहे. दीपाने ती पूर्ण केली. उतरताना ती फार खोल बसली, कंबर मॅटला टेकते की काय असे वाटले, आणि तिथे गुण गेले. तरीही त्या उडीला १५.२६६ गुण मिळाले. दोन उड्यांची सरासरी १५.०६६ झाली, तर स्वित्झर्लंडच्या जुलिया श्टाइनग्रुबरने १५.२१६ गुणांवर कांस्यपदक घेतले. फरक ०.१५० गुणांचा. असा फरक शेवटच्या आठवड्यात भरून निघत नाही. योग्य पिटमध्ये, म्हणजे उतरण्यासाठी स्पंजने भरलेल्या खड्ड्यात, आणि योग्य मॅटवर, दहाव्या-बाराव्या वर्षापासून केलेल्या हजारो सुरक्षित लँडिंगमधूनच तो भरून निघतो. तिच्या फिजिओथेरपिस्टला सुरुवातीपासून रिओला पाठवण्याची गरज कोणाला वाटली नव्हती आणि ती अंतिम फेरीत गेल्यावर त्यांना घाईने रवाना करण्यात आले, असे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. मी ज्या क्रमाविषयी लिहीत आहे, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला सुचत नाही.

त्यानंतर तिला खेलरत्न मिळाले, पद्मश्री मिळाली, बिश्वेश्वर नंदी सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. २०१८ च्या जुलैत तुर्कस्तानातील मेर्सिन येथे तिने वर्ल्ड चॅलेंज कपचे सुवर्णपदक जिंकले, परंतु त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत गुडघ्याने पुन्हा दगा दिला. पुढे हायजेनामाइन या प्रतिबंधित द्रव्यामुळे तिच्यावर २१ महिन्यांची बंदी आली. हे द्रव्य नकळत शरीरात गेले, असे तिने सांगितले. नियम नियमच असतो आणि आपण काय घेतो याची जबाबदारी खेळाडूचीच असते, हे मला पूर्ण मान्य आहे. पण औषधाची किंवा पूरक आहाराची प्रत्येक बाटली तपासून देणारा जाणकार माणूस किती प्रशिक्षण केंद्रांत आहे, हेही आपण एकदा पाहावे.

बंदी १० जुलै २०२३ रोजी संपली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेसाठी झालेल्या निवड चाचणीत दीपा पहिली आली, तरीही तिला पाठवण्यात आले नाही, कारण गेल्या बारा महिन्यांतील कामगिरीचा निकष तिला लागू करण्यात आला. जिला त्या बारा महिन्यांत खेळण्यास मनाई होती, तिने त्या काळातील कामगिरी आणायची कुठून? त्याच स्पर्धेसाठी फुटबॉल संघांकरिता निकष शिथिल करण्यात आले, आणि ते योग्यच झाले; मग तोच विचार तिच्याबाबतीत का झाला नाही, हे मला अजूनही समजलेले नाही. २६ मे २०२४ रोजी ताश्कंदला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने व्हॉल्टमध्ये १३.५६६ गुणांसह सुवर्णपदक जिंकले. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय जिम्नॅस्ट ठरली. चार महिन्यांनी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तिने खेळ थांबवला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचा एकही जिम्नॅस्ट नव्हता.

जिम्नॅस्टिक्स महासंघातील जुनी भांडणे आणि मान्यतेचा घोळ आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, म्हणून त्यात शिरत नाही. आमच्या पातळीवरची स्थिती मात्र सांगते. व्हॉल्टसाठी पंचवीस मीटरपर्यंत धाव घेता येते. आम्हाला मिळणाऱ्या सभागृहात तेवढी जागा नाही, म्हणून मागचे दार उघडून मुली व्हरांड्यातून धावत येतात, आणि पावसाळ्यात फरशी ओली असली की तो सराव बंद ठेवावा लागतो. लँडिंगच्या मॅटमधला स्पंज दबून इतका पातळ झाला आहे की आम्ही दोन मॅट एकावर एक टाकतो. त्या सरकू नयेत म्हणून दोन पालक दोन्ही बाजूंना पाय रोवून उभे राहतात. आठ वर्षांची मुलगी उंच उडी घ्यायला घाबरत नाही, घाबरते मी.

भारताने २०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मागितले आहे. त्या वर्षी व्हॉल्टवर धावणाऱ्या मुली आज प्राथमिक शाळेत आहेत, म्हणजे त्यांच्यासाठी खर्च करण्याची वेळ हीच आहे. म्हणून माझी विनंती आहे की, नवे भव्य संकुल बांधण्यापूर्वी खेलो इंडियाच्या ज्या केंद्रांत जिम्नॅस्टिक्स शिकवले जाते, त्या प्रत्येक ठिकाणी स्पंजचा पिट, प्रमाणित मॅट आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येणारा फिजिओथेरपिस्ट द्यावा, तोही पदकाची वाट न पाहता. दुखापतीतून किंवा बंदी भोगून परतणाऱ्या खेळाडूला निवड चाचणीतील कामगिरीवर संधी देण्याची स्पष्ट तरतूद निकषांत करावी. आणि देशात व्हॉल्टचे प्रशिक्षण कसे असावे हे ठरवणाऱ्या समितीवर दीपा कर्माकर आणि बिश्वेश्वर नंदी यांना सन्मानाने बोलवावे. साधनांशिवाय हा खेळ शिकवताना नेमके काय कमी पडते, हे त्या दोघांइतके नेमके सांगू शकणारे आपल्याकडे फार थोडे लोक आहेत.

यांपैकी मॅट आणि पिटसाठी मोठ्या धोरणबदलाची गरज नाही. येत्या आर्थिक वर्षाच्या तरतुदीत त्यांचा समावेश व्हावा आणि तसा निर्णय झाल्यास तो जाहीर करावा, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षिका, ठाणे