विषय : मे महिन्यात सिगार नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवल्याबद्दल तक्रार

नमस्कार साहेब / मॅडम,

मी तुमसर तालुक्यातून लिहून राहिलो, जिल्हा भंडारा. मे महिन्यात तुमच्या दुकानात फोन करून ५ सिगारचा एक बॉक्स मागवला होता, निकाराग्वाच्या एस्तेलीचा, रोबुस्टो साईझ (म्हणजे आखूड आणि जाड), ९,५०० रुपये आधीच भरले. पार्सल सहाव्या दिवशी आलं. म्हणजे सहा दिवस ते कुठल्या गोडाऊनात, कुठल्या टेम्पोत तापत पडलं असेल ते तुम्हीच पाहा, इकडे तेव्हा ४५ डिग्री चालू होतं आणि कूलरसमोर बसलं तरी ओठ फुटत होते.

खोकं उघडलं तर आत सिगारचा बॉक्स आणि वर्तमानपत्राचे बोळे, बस्स. ओलावा धरून ठेवणारी ती छोटी पुडी असते ना, ती नव्हती. मागच्या डिसेंबरमध्ये तुमच्याकडूनच हाच माल मागवला होता तेव्हा ती पुडी होती आणि वरून बंद होणारी झिपवाली पिशवीपण होती. थंडीत दिली आणि उन्हाळ्यात काढून टाकली, हे काहून केलं ते सांगा जी.

एक सिगार तर बॉक्समध्येच उभी तडकलेली होती. दुसरी मी उचलून कानाजवळ धरली आणि दोन बोटांनी हलकी दाबली तर करकर आवाज आला, तळहातावर वरच्या पानाचे पापुद्रे पडले, गव्हाच्या कोंड्यासारखे. चांगली सिगार दाबली की थोडी दबते आणि परत वर येते, आवाज करत नाही.

तरी संध्याकाळी अंगणात बसून ती ओढून पाहिली. टोपीच्या तिथे, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकाला, कापली तर चीर सरळ खाली दोन बोटं गेली. डिसेंबरची होती ती जवळपास तासभर चालली होती, राख पांढुरकी आणि इंचभर टिकून राहायची, सुरुवातीला थोडा मिऱ्याचा झटका, मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखी आणि कोकोसारखी चव, शेवटच्या भागात जरा कडक. मी तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून इतकं नेमकं सांगून राहिलो. यावेळी एका बाजूनेच जळत गेली, धूर इतका गरम की जीभ पोळली, राख तुकड्या-तुकड्याने शर्टवर पडली आणि २५ मिनिटांत संपली. चव म्हणाल तर नुसती कडू, जळक्या कागदाची.

तुमच्या कस्टमर केअरचे भाऊ म्हणाले, सर तुम्ही घाईघाईने ओढत असाल, सिगारेटसारखी, आणि थोडा क्रॅक नॉर्मल असतो. घाई केली नाही साहेब. काडीची ज्योत टोकाला न टेकवता आधी शेकून घेतली, मिनिटाला एक झुरका, धूर छातीत घेतला नाही. हे मला येतं. आणि क्रॅक नॉर्मल असतो हे तर मला बोलूच नका.

माझी माय तीस वर्षं बिड्या वळायची. तेंदूचं पान आधी भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मग पत्रा ठेवून कैचीने कापायची. मांडीवर सूप घेऊन बसली की प्रत्येक पान बोटात किंचित दुमडून पाहायची, कट् वाजलं की ते परत फडक्यात. सुकल्या पानाची बिडी वळली की चिरते, आणि चिरलेली बिडी कारखान्याचा मुन्शी छाटमध्ये टाकायचा, तिचे पैसे नाही. उन्हाळ्यात दिवसभर वळून संध्याकाळी मूठभर छाट निघाली की माय जेवताना बोलायची नाही. एका बिडीला जी चीर चालली नाही ती १,९०० रुपयांच्या सिगारला कशी चालते? सिगारपण कोणीतरी हातानेच वळली ना, ते पान तिकडे महिनोन् महिने थप्पीत मुरवलं, मग वर्ष-दोन वर्षं ठेवलं, मग कोणी बाई-माणसाने मधलं पान, बांधणीचं पान, वरचं रॅपर असं एकेक लावून वळली, आणि ती मेहनत तुम्ही एका पुडीचे पैसे वाचवून सहा दिवसांत वाळवून टाकली. मला पैशापेक्षा याचं जास्त वाईट वाटून राहिलं.

त्या भाऊंनी अजून सांगितलं की ओला कापूस डब्यात टाका, दोन दिवसांत ठीक होते. असं कोणाला सांगू नका. एकदम पाणी लागलं की आतलं पान फुगते आणि वरचं फाटते, नाहीतर बुरशी येते. मी नागपूरहून आर्द्रता मोजायचं मीटर आणि ६५ टक्के ओलावा राखणारी पुडी आणली, घट्ट झाकणाच्या डब्यात तीन सिगार ठेवल्या आणि पूर्ण चार आठवडे उघडल्या नाही. मीटर ६५ वर स्थिर झालं. त्यातली एक ओढली. फाटली नाही, जळलीपण सरळ, पण चव आलीच नाही, पानाचं तेल एकदा उडालं की पाण्याने परत येत नाही.

दुसरी गोष्ट, बॉक्सवर एमआरपी नाही, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, आणि ८५ टक्के जागेवर चित्रवाला इशारा असायला पाहिजे तोपण नाही. डिसेंबरच्या बॉक्सवर हे सगळं होतं. मग हा माल कुठून आला ते लेखी कळवा.

दोन सिगार न ओढलेल्या माझ्याकडे आहेत, तडकलेलीपण तशीच ठेवली आहे, बॉक्स आणि पार्सलच्या फोटोंसोबत परत पाठवायला तयार आहे. मला पाचही सिगारचे पूर्ण ९,५०० रुपये परत पाहिजेत. बदली माल आत्ता पाठवू नका, पाऊस लागू द्या, आणि यापुढे विदर्भात मार्च ते जूनमध्ये माल पाठवायचा असेल तर पुडी आणि बंद पिशवीशिवाय पाठवू नका. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकीन आणि मग भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. बिल आणि फोटो सोबत जोडले आहेत.

तुमचा दोन वर्षांचा ग्राहक,
तुमसर तालुका, जि. भंडारा