केतकीस, एअर डेक्कनबद्दल

कोल्हापूर,
रविवार

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस की तुमच्या विमान कंपनीच्या खात्यात छोट्या गावांच्या मार्गांची छाननी चालली आहे आणि बंद करायच्या मार्गांची यादी तुलाच मांडायची आहे. वर असंही म्हणालीस, "आई, हे मार्ग पहिल्यापासूनच तोट्यात. कुणी सुरू केले कोण जाणे!" तेव्हा तू ऑफिसच्या गाडीत होतीस, म्हणून मी काही बोलले नाही. आता सवडीने लिहिते. कुणी सुरू केले, कसे सुरू केले आणि ते का बुडाले हे सगळं तुझ्या आधीच्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिलेलं आहे. ते माहीत असल्याशिवाय तू त्या यादीवर काट मारू नयेस, असं मला मनापासून वाटतं.

मी विमानाच्या धंद्यातली नाही. माझी नोकरी बँकेच्या कर्ज खात्यात गेली, त्यामुळे कुठल्याही कंपनीची गोष्ट मला तिच्या ताळेबंदातूनच दिसते. ज्या कंपनीने असे मार्ग सुरू केले त्या एअर डेक्कनची गोष्टही मी तशीच सांगणार.

तिचे संस्थापक कॅप्टन गोपीनाथ हे मूळचे कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या गोरूरचे. आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीएत शिकले, सैन्यात गेले, १९७१ च्या युद्धात होते. नंतर नोकरी सोडून त्यांनी शेती केली, रेशीम उद्योग केला. नव्वदच्या दशकात बेंगळूरूमध्ये सैन्यातलेच सहकारी कॅप्टन सॅम्युअल यांच्याबरोबर हेलिकॉप्टर भाड्याने देणारी कंपनी काढली, तिचं नाव डेक्कन एव्हिएशन. त्या कंपनीच्या पोटातून ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कन निघाली. देशातली पहिली स्वस्त विमान कंपनी ती हीच. ती दिल्ली-मुंबईपासून सुरू झाली नाही, हे लक्षात घे. पहिली उड्डाणं हुबळी, मंगळूर, विजयवाडा अशा गावांकडे होती.

हे भाबडेपणाने केलेलं नव्हतं, त्यामागे हिशेब होता. मोठ्या मार्गांवर जेट आणि सरकारी इंडियन एअरलाइन्स घट्ट बसलेल्या होत्या. छोट्या गावांकडे फारसं कुणी जात नव्हतं आणि तिथल्या धावपट्ट्या आखूड होत्या. त्यांनी आणलं ४८ आसनांचं एटीआर, पंख्याचं विमान. ते आखूड धावपट्टीवर उतरतं आणि इंधन कमी पितं. त्यात सरकारने पुढे ऐंशीपेक्षा कमी आसनांच्या विमानांना उतरण्याचं शुल्क माफ केलं आणि अशा छोट्या विमानांच्या इंधनावरचा विक्रीकर ४ टक्क्यांवर ठेवला. मोठ्या विमानाला त्याच इंधनावर राज्याराज्यात २५ टक्क्यांच्या आसपास कर भरावा लागायचा. म्हणजे छोटं गाव आणि छोटं विमान हीच स्वस्ताईची जागा होती. तुमच्या यादीत आज जे मार्ग लाल दिसतात, त्यांच्या बुडाशी एके काळी हे गणित होतं.

बाकीची काटकसर तुला पाठ असेल. जेवण नाही, पाणीसुद्धा विकत. छापील तिकीट नाही. आसन क्रमांक नाही. विमान जमिनीवर कमीत कमी वेळ उभं राहायचं. तिकिटं इंटरनेटवर, फोनवर आणि पेट्रोल पंपावरसुद्धा मिळायची. आज हे सगळं इतकं सरावाचं झालं आहे की कुणीतरी ते पहिल्यांदा केलं असेल हे ध्यानातही येत नाही. जाहिरातीत त्यांनी आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस घेतला, तोच चौकड्याच्या कोटातला आणि धोतरातला. योग्य माणूस निवडला, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

तुझी आजी पहिल्यांदा विमानात बसली ती याच कंपनीच्या, पुण्याहून बेंगळूरूला, तुझ्या मामाकडे. लोहगावला बस विमानाजवळ थांबली आणि दार उघडताच माणसं अक्षरशः पळत सुटली, कारण आधी पोहोचेल त्याला खिडकी. आजी नऊवारीत, एका हातात दशम्यांचा डबा, दुसऱ्या हातात माझा दंड. आम्ही शेवटून दुसऱ्या असू. आत एक तरुण मुलगा खिडकीपाशी बसला होता, बहुतेक नोकरीच्या मुलाखतीला निघालेला, मांडीवर प्लास्टिकची फाइल. त्याने आजीकडे पाहिलं आणि काही न बोलता उठून तिला आत सरकू दिलं. विमान वर गेल्यावर आजीने डबा उघडला, पहिली दशमी त्याला दिली आणि विचारलं, "तुमचंबी पयलंच का?" त्याचंही पहिलंच होतं. मागच्या रांगेत एक जोडपं होतं, त्यांचंही. विमानात पहिल्यांदाच बसलेल्या माणसांचं विमान होतं ते, केतकी. मोठ्या कंपन्यांच्या आकडेवारीत ही माणसं तेव्हा नव्हतीच, त्यांना रेल्वेचे प्रवासी म्हणायचे.

आता दुसरी बाजू. बँकेतली बाई म्हणून तीही सांगायला हवी.

सुरुवातच कठीण झाली. हैदराबाद–विजयवाडा मार्गाच्या उद्घाटनाच्या उड्डाणात वेंकय्या नायडूंसारखे नेते आत बसलेले असताना इंजिनातून ज्वाळा निघाल्या. त्यातून कंपनी सावरली. पण पुढे वाढ इतकी भराभर झाली की खालची माणसं आणि यंत्रणा तिला पुरी पडेनात. २००४ मध्ये एअरबस ए-३२० आली, १८० आसनांची. म्हणजे दोन जातींची विमानं, दोन तऱ्हेचे वैमानिक, सुट्या भागांचे दोन साठे. तीन-चार वर्षांत ४० हून जास्त विमानं आणि ६० हून जास्त गावं. बाजाराचा सुमारे पाचवा हिस्सा हातात आला. आणि त्याच वेळी स्पाइसजेट, किंगफिशर, गोएअर, २००६ मध्ये इंडिगो, सगळे एकदम उतरले. तिकिटं खाली खेचली गेली. वैमानिकांची पळवापळवी सुरू झाली. विमानतळ अपुरे पडू लागले, विमानं हवेत घिरट्या घालत इंधन जाळू लागली.

एक रुपयाच्या तिकिटाला लोक आजही नावं ठेवतात, त्या तिकिटानेच कंपनी बुडाली म्हणतात. मला हे मान्य नाही. तशी आसनं प्रत्येक विमानात मोजकी असायची, आणि रिकाम्या आसनातून काहीच मिळत नाही हे तू मला शिकवायची गरज नाही. खरं दुखणं होतं खेळत्या भांडवलाचं. विमानं भाड्याची, भाडं डॉलरमध्ये, इंधन रोखीने, आणि मिळकत रुपयात आणि हंगामी. अशा धंद्यात सहा महिने अंगावर काढता येतील एवढी रोकड हाताशी नसेल, तर एक विमान बिघडलं की चार गावांची उड्डाणं रद्द होतात, कारण बदली विमान नसतं. रद्द झालेल्या उड्डाणाचा प्रवासी पुढच्या वेळी दोनशे रुपये जास्त देऊन दुसरीकडे जातो. तिकीट स्वस्त असावं हे एक वचन, आणि विमान वेळेवर यावं हे दुसरं. पहिलं त्यांनी शेवटपर्यंत पाळलं. दुसऱ्यासाठी पैसा लागतो, तो नव्हता.

मे २००६ मध्ये ते पैशासाठी शेअर बाजारात गेले. बाजार नेमका तेव्हाच कोसळत होता. १४८ रुपयांना दिलेला शेअर नोंदणीच्या दिवशीच शंभराखाली गेला. आमच्या शाखेत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. बाजाराने पाठ फिरवल्यावर वर्षभरात मालकी बदलणार, हे कुणालाही दिसत होतं. तसंच झालं. २००७ मध्ये विजय मल्ल्यांच्या यूबी समूहाने १५५ रुपये भावाने २६ टक्के हिस्सा घेतला, ५५० कोटी रुपये मोजून.

आता मी सांगते ते नीट वाच, कारण या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच. मल्ल्यांना डेक्कनची छोटी गावं नको होती. त्यांना हवं होतं तिचं वय. त्या काळी नियम असा होता की देशात पाच वर्षं सेवा आणि २० विमानं असल्याशिवाय भारतीय कंपनीला परदेशी उडता येत नाही. किंगफिशर मे २००५ ची, म्हणजे तिला २०१० पर्यंत थांबावं लागलं असतं. डेक्कनची पाच वर्षं ऑगस्ट २००८ मध्ये भरत होती. म्हणून विलीनीकरण उलटं केलं गेलं. कागदावर किंगफिशर डेक्कनमध्ये विलीन झाली आणि मग डेक्कन एव्हिएशन या कंपनीचं नाव बदलून किंगफिशर एअरलाइन्स ठेवलं. सप्टेंबर २००८ मध्ये बेंगळूरू–लंडन विमान उडालं. त्याच्या काही दिवस आधी, ऑगस्टच्या अखेरीस, डेक्कनचं नाव पुसून तिला किंगफिशर रेड केलं होतं. ज्या कंपनीने हुबळीच्या माणसाला विमानात बसवलं, तिच्या पाच वर्षांचा उपयोग लंडनच्या परवान्यासाठी झाला.

त्याच वर्षी जुलैमध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं होतं. पण रेड तेवढ्यानेच संपली नाही. मालकाला स्वस्त सेवा मनातून पटलेलीच नव्हती. एकाच घरात महाग आणि स्वस्त असे दोन संसार मांडले, आणि स्वस्ताचं तिकीट थोडं थोडं वर चढवत नेलं. प्रवासी इंडिगोकडे गेले, जिथे एकाच जातीचं विमान, एकच वर्ग आणि वेळेवर सुटण्याचा ध्यास होता. सप्टेंबर २०११ मध्ये रेड बंद करत असल्याचं जाहीर झालं, ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली. बँकांची थकबाकी व्याजासह ९,००० कोटींच्या घरात गेली हे तर पेपरात रोज येत होतं. कर्मचाऱ्यांचे पगार कित्येक महिने थकले होते. ती माणसं माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाहीत.

आणि आपलं कोल्हापूर? किंगफिशर गेल्यावर उजळाईवाडीच्या धावपट्टीवर कित्येक वर्षं नियमित प्रवासी विमान उतरलं नाही. गुळाचा व्यापारी, फाउंड्रीचा मालक, मुंबईला उपचाराला जाणारा पेशंट, सगळे पुन्हा रात्रीच्या गाडीत बसले. तोट्यातला मार्ग बंद केला की काय होतं, ते तू शाळेत असताना आपल्या गावात घडलेलं आहे.

गोपीनाथ यांनी डेक्कनचं नाव पुन्हा एकदा काढलं. २०१६ मध्ये छोट्या गावांना विमानाने जोडणारी सरकारी उडान योजना जाहीर झाली, त्यात तासाभराच्या प्रवासाच्या निम्म्या आसनांना अडीच हजारांची कमाल मर्यादा आणि तोटा भरून काढायला तीन वर्षं सरकारी मदत. डिसेंबर २०१७ मध्ये छोटी बीचक्राफ्ट विमानं नाशिक, जळगावला जाऊ लागली. मुंबईत उतरायला वेळेचा स्लॉटच मिळेना, सेवा कधी चालू कधी बंद, आणि एप्रिल २०२० मध्ये कोरोनात ती थांबली. एकट्या त्यांचंच असं झालं नाही. महालेखापालांच्या २०२३ च्या अहवालात आहे की योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली, आणि मदत संपल्यावर ५४ टिकले.

तुझ्या साहेबांसमोर यादी ठेवताना हे आकडे तुला उपयोगी पडतील, कारण ते दोन्ही बाजूंनी बोलतात. बहुतेक मार्ग टिकत नाहीत हे खरं. पण ५४ टिकले, तर ते का टिकले हे कुणी पाहिलं आहे का? तिथे विमान सकाळी होतं की भरदुपारी? रोज होतं की आठवड्यातून तीनदा? जळगावचा व्यापारी मुंबईत दुपारी बाराला पोहोचून संध्याकाळी परतू शकत नसेल, तर तो विमानाने जाणार नाही, मग तिकीट कितीही स्वस्त ठेवा. त्या रकान्यात 'मागणी नाही' असं लिहिणं चुकीचं ठरेल. मागणी आहे, वेळ चुकीची आहे. मार्ग खरोखरच बुडीत असेल तर बेधडक बंद कर, मी तुला अडवणार नाही. कर्ज खात्यात मीही बुडीत खाती बंद केली आहेत. पण बंद करण्याआधी तो मार्ग कधी नीट चालवला गेला होता का, एवढं तपास. आणि बंद करायचाच झाला तर आगाऊ तिकीट काढलेल्यांना आठवडाभर आधी कळेल आणि पैसे त्याच आठवड्यात परत जातील, हे तुझ्या प्रस्तावातच लिही. ते दुसऱ्या खात्याचं काम म्हणून सोडून देऊ नकोस.

आता आपल्याच कोल्हापूरच्या उद्योगपतींच्या घोडावत समूहाची स्टार एअर २०१९ पासून उडते आहे, पन्नास आसनी विमानाने सुरू केलेली. इंडिगोनेही छोट्या गावांसाठी एटीआर घेतली. म्हणजे २००३ चं ते गणित टाकाऊ नव्हतं.

बाकी इकडे सर्व ठीक. बाबांचा गुडघा बरा आहे, रोज रंकाळ्याला फेरी होते. आजीला तुझ्या नोकरीचं सांगितलं की ती प्रत्येक वेळी विचारते, तुमच्या विमानात आता खायला देतात का. दिवाळीला येशील तेव्हा मुंबईहून विमानाने ये, आणि निघण्याआधी मला दोन गोष्टी कळव: सरकारी मदतीची तीन वर्षं संपल्यावर चौथ्या वर्षाचा अंदाज तुमच्याकडे कोणत्या तिकीटदरावर काढतात, आणि त्यात मुंबईच्या स्लॉटची किंमत धरतात की नाही. मला ते खरंच समजून घ्यायचं आहे.

तुझी,
आई