शिऱ्याशी तूच बोल

सुध्या,

पत्र बघून हसशील, माहितीय मला. दिवसभर ग्रुपवर पडीक असणारा माणूस पत्र कशाला लिहितोय? कारण ग्रुपवर शिऱ्या आहे आणि विषय शिऱ्याचाच आहे. आणि फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला 'मुद्द्यावर ये' म्हणतोस. मुद्द्यावर यायला या वेळी वेळ लागणार आहे, तेव्हा नीट बूड टेकवून वाच.

तब्येत ठीक. माकडहाड दुखतंय, एका अंगावर बसतो, बाकी काही नाही.

आमच्या स्नोबोर्डिंगच्या वीकेंडचे फोटो तू बघितलेस, अंगठा पण टाकलास. त्यात शिऱ्याचा एक व्हिडिओ आहे, कोऱ्या बर्फावरून एकटाच खाली चाललाय, मागे भुरभुर उडतेय, मनालीने काढलाय. तो व्हिडिओ मला झोपू देत नाहीये. थांब, आधी बाकीचं सांगतो नाहीतर तुला वाटेल मी नुसता रडायला बसलोय.

जाताना गाडीत शिऱ्याने नेहमीप्रमाणे सगळ्यांचं बौद्धिक घेतलं. की 1965 साली अमेरिकेत मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या माणसाने पोरींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकांना जोडल्या, पुढे दोरी बांधली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं. मग नागानो 1998, ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा स्नोबोर्डिंग आलं, आणि पहिलं सोनं ज्याने घेतलं त्या कॅनडाच्या रॉस रेबाग्लियातीच्या टेस्टमध्ये गांजा सापडला म्हणून मेडल काढून घेतलं आणि मग परत दिलं. ही गोष्ट शिऱ्या इतक्या अभिमानाने सांगतो की जणू अपिलाचे कागद यानेच नेऊन दिले होते. रेवा मागच्या सीटवर झोपली होती, म्हणजे झोपायचं नाटक करत होती.

पहिला दिवस एकदम मस्त गेला. नंदू आणि मनाली नवीन, त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे. (शिऱ्या शिकवायला लागला की समोरचा रडतो, तुला अनुभव आहे.) नंदूला पाठीमागून हलकेच ढकललं, उजवा पाय पुढे आला, म्हणजे माझ्यासारखाच गूफी. मग हील एजवर, म्हणजे बोर्डच्या टाचेकडच्या कडेवर, नुसतं घसरायला शिकवलं, पडताना हात टेकायचे नाहीत, मुठी आवळून घ्यायच्या, कारण नवशिक्यांची मनगटंच आधी जातात. संध्याकाळपर्यंत गडी हील एजवर डावी-उजवीकडे छान जायला लागला. टो एज, म्हणजे बोटांकडची कड, मात्र जमेना, उताराकडे पाठ करून उभं राहायचं म्हटलं की त्याचे गुडघे थरथरायचे. चेअरलिफ्टवरून उतरताना एक पाय मोकळा असतो ना, तिथे तर तो दर वेळी पडलाच, आणि एकदा मला घेऊन पडला. माझं माकडहाड ही नंदूची कृपा.

त्या रात्री बर्फ पडला. फूटभर तरी असेल, आणि रात्रभर वारा, खिडक्या नुसत्या आपटत होत्या. सकाळी लिफ्टच्या पायथ्याशी फळ्यावर हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी लिहिलेली, 5 पैकी 3. शिऱ्या म्हणाला, "तीन म्हणजे साठ टक्के, फर्स्ट क्लास." सगळे हसले, मी पण हसलो, जोक चांगला होता. पण सुध्या, ही पातळी मार्कांसारखी सरळ चढत नाही, 2 पेक्षा 3 बराच जास्त धोक्याचा असतो, आणि माणसं मरतात ती बरीचशी 3 लाच मरतात, 5 ला कुणी घराबाहेरच पडत नाही. आणि वारा म्हणजे तर अजून वाईट. एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतो, तिथे वर कडक लादी तयार होते आणि खाली भुसभुशीत थर तसाच राहतो. लादीला नुसतं निमित्त हवं असतं.

दुपारी जेवणानंतर वरच्या लिफ्टवरून उतरलो. तिथे डावीकडे दोरी बांधलीय, पाटी आहे, इथून पुढे रिसॉर्टची हद्द संपते, पुढचं तुमचं तुम्ही बघा. दोरीपलीकडे तो उतार. दिसायला काय सुंदर, मलाही पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू. शिऱ्याने सरळ दोरी उचलली आणि पलीकडे गेला. म्हणाला, हे बघा, तीन-चार जणांचे माग दिसतायत, गेलेत ना लोक, काय झालं त्यांना?

मी म्हटलं, अरे मागांचा काय संबंध, लादी पहिल्याच्या पायाखाली तुटते असं थोडंच आहे, पाचव्याच्या पण तुटेल. आपल्यापैकी एकाकडेही ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाला शोधायचा रेडिओ) नाही, फावडं नाही, बर्फात खुपसून बघायची काठी नाही. गाडला गेलास तर आम्ही काय हातमोज्यांनी उकरायचं? दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर बहुतेक जण वाचतात, अर्धा तास गेला की आशा फार कमी उरते, कारण थांबल्या थांबल्या तो बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो. उतार पण बरोबर तीस-पस्तीस अंशांचा, जिथे मजा येते नेमकं तिथेच हे घसरतं. हे सगळं मी एका दमात बोललो, आणि मला बोलता बोलताच कळत होतं की मी कंटाळवाणा वाटतोय.

शिऱ्या काय म्हणाला असेल? बरोबर. "पक्या, तू त्या नदीवर पण असाच करत होतास."

म्हणजे तुझ्यामुळेच की रे हे! तूच त्या नदीचा किस्सा जगभर करून ठेवलायस. एकदा लेखी देतो, जपून ठेव: पाणी कमरेच्या वर होतं. गुडघ्याइतकं नव्हतं. तू सकाळी पाणी ओसरल्यावर बघितलंस आणि 'हे एवढंसं पाणी' म्हणालास, आणि शाळेच्या त्या व्हरांड्यात कुडकुडत काढलेल्या रात्रीचं खापर आजतागायत माझ्यावर फोडतोस. नंतर किती दिवस बोलला नव्हतास ते मी विसरलेलो नाही. आणि मला अजून वाटतं की रात्री उतरलो असतो तर दोघांपैकी एक तरी वाहून गेला असता. पण मी ते दाखवणार कसं? आपण उतरलोच नाही ना! माझा सगळा वैताग हाच आहे. जो जातो आणि सुखरूप परत येतो त्याच्याकडे व्हिडिओ असतो. जो थांबतो त्याच्याकडे काय असतं, घंटा?

असो. शिऱ्या गेला. मागोमाग मनाली, ती नवीन असून पण, शिऱ्या म्हणाला हळू हळू ये मागून. रेवा जरा घुटमळली, माझ्याकडे बघितलं, मग तीही. आणि नंदू. त्याला जायचं नव्हतं रे. तो माझ्याजवळ उभा होता, बूटाचे पट्टे उगाचच परत परत आवळत होता. मी म्हटलं आपण दोघं निळ्या रनने, म्हणजे रिसॉर्टच्या आखलेल्या वाटेने, जाऊ खाली, भेटू त्यांना लिफ्टपाशी. हो म्हणाला. तेवढ्यात खालून शिऱ्या ओरडला, "नंद्या, पक्याच्या मांडीवर बसून येणारेस का?" आणि नंदू दोरीखालून गेला. टो एज न येणारा माणूस. अख्खा उतार हील एजवर घसरत गेला असणार.

मी एकटा खाली आलो आणि लिफ्टपाशी थांबलो. किती वेळ ते नाही सांगत, मला तरी संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं. फोन लागेना. स्की पेट्रोलवाल्यांना, म्हणजे रिसॉर्टच्या बचाव पथकाला, सांगू का नको, सांगितलं आणि हे पाच मिनिटांत हसत आले तर आयुष्यभर ऐकावं लागेल, नाही सांगितलं आणि... मी त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो होतो. मग ते दिसले. खाली सपाट रस्ता लागतो तिकडून चालत येत होते, सपाटीवर स्नोबोर्डवाल्यांचे हाल असतात ना, स्कीवाल्यांसारख्या काठ्या नाहीत, बोर्ड काढून काखेत घ्यायचा आणि चालायचं. चौघंही. फिदीफिदी हसत.

मग बाकीचा दिवस माझी चेष्टा, ती मी सहन केली, तेवढी कातडी आहे मला. खरी गोष्ट पुढेच आहे आणि ती फक्त तुला सांगतोय.

परत येताना रात्री पेट्रोल भरायला थांबलो, बाकीचे आत गेले, गाडीत मी आणि नंदू. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "पक्या, वर मी एकदा पडलो ना मधे, तेव्हा खालून आवाज आला. धप्प असा. आणि बर्फ जरासा खाली बसल्यासारखा वाटला, माझ्यापासून लांबपर्यंत. तो कसला असतो?"

सुध्या, माझ्या पोटात गोळा आला. तो आवाज म्हणजे खालचा भुसभुशीत थर कोसळल्याचा आवाज. वरची लादी मोकळी झाली होती. याहून स्पष्ट इशारा डोंगर देत नाही. तो आवाज आला की जिथे असाल तिथून सपाटीकडे निघायचं असतं. नंदू जिथे पडला तिथे उतार जरा कमी असेल, म्हणून नाही सुटलं. हा आपला माझा अंदाज. मी त्याला सांगितलं तो आवाज कसला ते. पांढरा पडला. आणि मग पहिलं वाक्य काय म्हणाला? "शिऱ्याला सांगू नको हं, हसेल."

मी रात्री वाचत बसतो हल्ली यावर. मॅकॅमन नावाच्या एका माणसाने 2004 मध्ये अमेरिकेतले सातशेहून जास्त हिमस्खलनाचे अपघात काढून बघितले, तर लोक अडकतात ते माहिती नसल्यामुळे कमी आणि असल्याच गोष्टींमुळे जास्त. उतार ओळखीचा आहे, एकाने ठरवलंय, बाकीच्यांना वाईटपणा नकोय, आणि कोऱ्या बर्फावर पहिला माग आपला हवाय. ट्रेनिंग घेतलेले लोकसुद्धा. आणि ज्या घसरणीत माणूस मरतो ती बहुतेक वेळा त्यानेच किंवा त्याच्याबरोबरच्या कुणीतरी सोडवलेली असते, आपोआप वरून येऊन पडलेली नसते. वाचताना मला सारखा आपला ग्रुप दिसतो.

आता ते परत जायचं म्हणतायत, पुढच्या महिन्यात. त्याच डोंगरावर. शिऱ्याने ग्रुपवर टाकलंय 'या वेळी सकाळीच दोरीपलीकडे', तू बघितलं असशीलच. त्याच्या डोक्यात तो उतार आता पास झालेला उतार आहे. आणि नंदू जाणार, कारण नाही गेला तर तो दुसरा पक्या ठरेल.

मी शिऱ्याला सांगू शकत नाही. एक तर नंदूला शब्द दिलाय, आणि दुसरं म्हणजे मी काहीही बोललो तरी त्याच्या कानावर 'नदी' एवढंच पडणार. पण तू बोललास तर गोष्ट वेगळी आहे. तू भित्रा म्हणून प्रसिद्ध नाहीस. तू त्या रात्री उतरायला निघालेला माणूस आहेस, शिऱ्या तुला मानतो, लहानपणापासून मानतो, त्याचं लग्न पण तू 'हो' म्हणाल्यावर ठरलं. तू म्हणालास की ट्रान्सीव्हर घ्या, कोर्स करा, आधी वापरायची प्रॅक्टिस करा आणि मग जा, नाहीतर दोरीच्या आत खेळा, तर तो ऐकेल. डोंगर बंद करा असं मी म्हणतच नाहीये, मला पण तो उतार करायचाय. नंदूच्या आवाजाचं मात्र बोलू नकोस. वाटलं तर सगळं खापर माझ्यावर फोड, म्हण पक्याने रडून पत्र लिहिलंय. हसू दे त्याला.

तुझं काय ते विचारायचं राहिलंच. घराचं काम झालं का, का तो सुतार अजून उद्या येतोच म्हणतोय? काकूंचा डोळा आता बरा ना? पोरीने शाळेत कुणाला तरी चावल्याचं ऐकलं, तुझ्यावरच गेलीय. नोकरी बदलायचं म्हणत होतास त्यावर एकदा सविस्तर बोलू, माझं मत तुला माहितीय आणि तू ते ऐकणार नाहीस हेही मला माहितीय.

शिऱ्याला रविवारी सकाळी फोन कर, अकराच्या आत, नंतर तो चिडचिडा असतो. आणि आधी त्याला त्याच्या व्हिडिओबद्दल विचार, भरपूर बोलू दे, मगच विषय काढ. झालं की मला नुसतं 'झालं' एवढं टाक. ग्रुपवर नको, गाढवा, माझ्या नंबरवर.

तुझा,
पक्या