आई-बाबा, मी राजीनामा दिलाय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तीनदा "काही नाही, सहजच केला" म्हणून ठेवून दिला. आईने "बरी आहेस ना?" विचारलं की माझं सगळं अवसान गळतं. म्हणून लिहितेय. शुक्रवारी राजीनामा दिला. शहरी पाणीपुरवठा आणि मलनिःसारण या विषयात पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश घेतलाय, दोन वर्षांसाठी. फी भरून झाली. आधी विचारलं नाही, हे चुकलंच. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात, पण गप्प झाला असतात, आणि मग माझा पाय निघाला नसता.

बाबा, "सात वर्षं नोकरी झाल्यावर परत परीक्षा?" हा तुमचा प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय. नोकरी वाईट नव्हती. पण मी इमारतीची पाण्याची लाइन आखते, ते पाणी येतं कुठून आणि वापरून झाल्यावर जातं कुठे, हे कायम दुसऱ्याच कुणाच्या तरी कागदावर असतं. मला तो कागद हवाय. आणि यात नुसते पाइप नि पंप नाहीत. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोन संशोधकांनी दाखवलं की सांडपाण्याच्या टाकीतला गाळ फेकून न देता त्यातलेच जिवाणू पुन्हा कामाला लावले, वरून हवा दिली, की सांडपाणी काही तासांत साफ होतं. जगभरची कितीतरी केंद्रं आजही त्याच युक्तीवर चालतात. शिवाय पाणीपट्टी ठरवायची कशी, ड्रेनेज पोचलंच नाही तिथल्या सेप्टिक टँकचा मैला उपसून गाडी रिकामी करते कुठे, हेही शिकायचंय. पाणी आणि स्वच्छता हा माणसाचा हक्क आहे, हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये मान्य केलं. पण रोजचा हिशेब बसवायला माणसं लागतात.

खरं सांगू? कारण एवढंच नाही. आई, त्या पावसाळ्याबद्दल आपण घरात बोलत नाही. दादाचे डोळे पिवळे झाले आणि "मीच पाणी उकळलं नाही" हे तू तेव्हापासून धरून बसलीयस. आता ऐक. नळाला तासभरच पाणी येतं तेव्हा उरलेला वेळ पाइपात दाब नसतो. शेजारून गटार फुटलेलं असेल आणि पाइपाचा सांधा सैल असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. पावसाळ्यात जमीन पाण्याने भरली की जास्तच. मग पाणी सुटलं की ती घाण पहिल्या हंड्यात. पाइपात चोवीस तास दाब असेल तर पाणी गळतं ते बाहेर, आत सहसा काही शिरत नाही. तू कळशीच्या तोंडावर धोतराचं फडकं चार घड्या घालून बांधायचीस. त्यात माती अडकते, कावीळ अडकत नाही, आणि हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. ती लाइन सांभाळणं ज्यांचं काम होतं त्यांनी ते केलं नाही. तू कुठेच कमी पडली नाहीस. एवढं माझ्यासाठी मनातून काढून टाक.

बाबा, तुम्ही पहाटे अंधारात नळाला कान लावून बसायचात. आधी हवेची फुसफुस, मग खरखर, मग "उठा रे, आलं!" माझ्या वाट्याला तो वाकडा तांब्या. अर्धा सांडत मी पोचायचे आणि हंडा माझ्याच तांब्याने भरला असं तुम्ही म्हणायचात. मला ते कितीतरी वर्षं खरं वाटत होतं. गळती शोधणारे लोकही तसंच करतात. रात्री दोन-चारच्या सुमारास, सगळे झोपलेले असताना, लोखंडी दांडीचं एक टोक पाइपला टेकवायचं आणि दुसरं कानाला. त्या वेळी मीटरमधून जे पाणी जात राहतं, त्यातलं बरंचसं गळतीचं असतं. हे वाचलं त्या रात्रीच तुम्हाला फोन केला होता, आणि तुम्ही घाबरलात.

माझी काळजी नको. खोली एकटीची आहे, उजेड भरपूर, गरम पाणी दोन्ही वेळा, जेवण खालीच, दवाखाना आवारात. जाड पांघरूण घेतलंय. प्रयोगशाळेत हातमोजे असतात, आणि आई, लसीही घेऊन झाल्यात. शिष्यवृत्ती आहे, थोडी साठवणही आहे. बाबा, ठेव मोडायची नाही. मोडलीत तर मला कळेल.

आणि गच्चीवर चढून टाकीत डोकवायचं नाही, तुमच्या गुडघ्याला ते झेपत नाही. झाकणाला फट पडली असेल तर दादाला सांगा. सेप्टिक टँक उपसायला गाडीच बोलवा, माणूस आत उतरवू देऊ नका, तुम्हीही वाकून बघू नका. आतला विषारी वायू जास्त असला की त्याचा वास येईनासा होतो. पिण्याचं पाणी खळखळून उकळी येईपर्यंत तापवायचं. आई, बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही, आणि डोळे तपासायला याच महिन्यात जायचं, दादाला सुट्टी मिळो न मिळो.

पुढच्या आठवड्यात दहा दिवस घरी येतेय. टाकी मीच धुते. आई, रागवायचं असेल तर तेव्हा समोर बसवून रागव. फोनवर रडू नकोस.

तुमची,
धाकटी